सोडत म्हणजे देणगी नव्हे

“लोक नुसते देत नाहीत हो, काहीतरी बक्षीस ठेवावंच लागतं.” चंद्रपूर-गडचिरोलीकडे सार्वजनिक कामाची बैठक बसली आणि विषय पैशावर आला, की हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. दवाखान्याला यंत्र घ्यायचं असो, वसतिगृहावर छप्पर घालायचं असो की रुग्णवाहिका उभी करायची असो, वर्गणीची यादी निघण्याआधी लकी ड्रॉची कल्पना निघते. कूपन शंभर रुपयांचं, पहिलं बक्षीस चारचाकी आणि वर ठळक अक्षरांत ‘सत्कार्यासाठी’. घेणाऱ्याला आशा, संस्थेला निधी, नुकसान कुणाचंच नाही, असं हे मत आहे. ते इतकं रुळलं आहे की त्याला आता कुणी मत म्हणत नाही, व्यवहारज्ञान म्हणतात.

मला हे मत चुकीचं वाटतं. सत्कार्यासाठी गाडीची सोडत काढली की त्यात दान होत नाही आणि संस्थेचं हितही साधत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तर त्याची गरजच नाही, कारण निधी उभारण्याच्या याहून चांगल्या रीती इथल्याच माणसांनी घडवल्या आहेत. पण आधी समोरची बाजू पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे. ती मांडणारी माणसं बहुतेक वेळा तळमळीने काम करणारी असतात.

त्यांचा पहिला मुद्दा परिणामाचा. दारोदार फिरून वर्षभरात जे जमत नाही, ते सोडतीत महिनाभरात जमतं. दुसरा स्वेच्छेचा. शंभर रुपये कुणी हिसकावून घेत नाही आणि शंभर रुपयांनी कुणी उघड्यावर पडत नाही. तिसरा शासनाच्या दाखल्याचा. महाराष्ट्र शासन १९६९ पासून राज्य लॉटरी चालवतं. शासनाला जे चालतं ते सेवाभावी संस्थेला का चालू नये? चौथा मुद्दा जगाच्या रीतीचा. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन इथलं राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालय कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार सोडतीत काढून पैसा उभा करतं. ब्रिटनमध्ये सेवाभावी संस्थांच्या सोडतींना कायद्यानेच जागा दिली आहे. परदेशातल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांतही रॅफल असतं. पाचवा मुद्दा सर्वांत धारदार. निर्हेतुक दान ही पुस्तकातली गोष्ट. कुणी नावाच्या पाटीसाठी देतो, कुणी प्राप्तिकराच्या सवलतीसाठी, कुणी पुण्यासाठी. मग गाडीच्या आशेने देणाऱ्यालाच नावं का ठेवायची?

यात जे खरं आहे ते मान्य करतो. निधी उभारणं हे कष्टाचं आणि पुष्कळदा अपमानाचं काम आहे. ज्यांना दहा दारं झिजवून एक पावती फाडता येते, त्यांना सोपी वाट खुणावली तर त्यात नवल नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांनी आपापसांत दहा-दहा रुपयांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि कुणीतरी भेट दिलेला कुकर कुणाला तरी लागला, तर त्याविरुद्ध मी लेखणी उचलणार नाही. सगळे एकमेकांना ओळखतात, चिठ्ठी सर्वांसमोर निघते, खेळ तिथेच संपतो. माझा आक्षेप मोठं बक्षीस, अनोळखी गिऱ्हाईक आणि सत्कार्याचं नाव या तीन गोष्टी एकत्र येतात, त्या व्यवहाराला आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीसाठी किंवा फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. अवेळी, अपात्राला, अनादराने दिलेलं ते तामस. पाटीसाठी दिलेली देणगी राजस आहे, हे कबूल. पण राजस असलं तरी ते दानच राहतं. देणाऱ्याचा पैसा कामाला लागतो आणि भिंतीवर त्याचं नाव कोरल्याने दुसऱ्या कुणाच्या खिशातून काही जात नाही. पुण्याचंही तसंच, एकाला पुण्य लागलं म्हणून दुसऱ्याचं घटत नाही. सोडतीतली गाडी मात्र हरलेल्या हजारो लोकांच्या पैशातून येते. एकाचा लाभ बाकीच्यांच्या हानीतूनच उभा राहतो, हा त्या व्यवहाराचा कणा आहे. असा व्यवहार दानाच्या तिन्ही प्रकारांत बसत नाही. आपल्या परंपरेत त्याला द्यूत म्हणतात.

कायद्यालाही हा फरक कळतो. प्राप्तिकर कायदा सवलत देतो ती देणगीला. बदल्यात बक्षिसाची संधी विकत घेतली, तर ती रक्कम देणगी राहत नाही. ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिथला महसूल विभागही रॅफलच्या तिकिटाची रक्कम देणगी मानत नाही, मग तिकीट कितीही पवित्र कामासाठी विकलेलं असो.

आता परिणामाचा मुद्दा घेऊ. सोडतीत ‘खूप पैसा जमतो’ असं म्हणताना जमलेला पैसा आणि कामाला लागलेला पैसा यांतलं अंतर कुणी मोजत नाही. समजा, गाडी १० लाखांची आहे, कूपन १०० रुपयांचं आहे आणि २०,००० कूपनं खपली. जमले २० लाख. त्यातले १० लाख गाडीत गेले. उरलेल्या १० लाखांतून कूपनांची छपाई, दुसरं-तिसरं बक्षीस, विकणाऱ्यांचं कमिशन, मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची सरबराई. शेवटी कामाला ७ लाख पोचले तर आयोजक खूश असतात. म्हणजे कूपन घेणाऱ्याच्या शंभरातले पस्तीस रुपये त्या दवाखान्याला मिळाले आणि पासष्ट रुपये बक्षिसात व बडेजावात गेले. पावती फाडणाऱ्या कार्यकर्त्याने शंभरातले पासष्ट खर्चात दाखवले असते, तर गावाने त्याला दारात उभं केलं नसतं. ब्रिटनच्या ज्या कायद्याचा आधार घेतला जातो, त्या २००५ च्या कायद्याने अशा सोडतीच्या एकूण विक्रीतला किमान २० टक्के वाटा सत्कार्याला जावा एवढीच अट घातली आहे. उरलेले ८० टक्के बक्षिसांत आणि खर्चात गेले तरी तिथे चालतं.

आणि हा हिशेब सगळी कूपनं खपल्याचा आहे. निम्मीच खपली तर जमलेले १० लाख एकट्या गाडीत जातात आणि छपाईपासून मंडपापर्यंतचा खर्च संस्थेच्या डोक्यावर बसतो. मग तारीख पुढे ढकलली जाते. पुन्हा ढकलली जाते. बाजारात लोक विचारू लागतात, “सोडत निघाली का हो?” या एका प्रश्नाने संस्थेची अनेक वर्षांची पत उतरते.

घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. वीस हजारांत एक गाडी, म्हणजे कुणी दर आठवड्याला अशी एक सोडत खेळला तर सरासरी ३८४ वर्षांत एकदा त्याचा नंबर लागेल. तरी कुणाला तरी गाडी लागतेच. समजा, ती एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या मजुराला लागली. सोडतीतल्या बक्षिसावर प्राप्तिकर सरसकट ३० टक्के आहे. एरवी त्या माणसाचं उत्पन्न करपात्र नसलं, तरी इथे किमान मर्यादेची सूट मिळत नाही. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर कर भरला गेल्याची खात्री करूनच ते हाती द्यावं, असा आयोजकांवर निर्बंध आहे. १० लाखांच्या गाडीवर उपकर धरून ३ लाख १२ हजार रुपये भरल्याशिवाय चावी कायदेशीरपणे त्याच्या हातात पडू शकत नाही. त्यानंतर विमा, इंधन, देखभाल. एवढी रोकड त्याच्याकडे असती तर त्याने गाडीच्या आशेने कूपन घेतलंच नसतं. मग गाडी पडत्या भावात दुसऱ्याला जाते किंवा कर बुडवण्याची वाट शोधली जाते, आणि त्या वाटेवर संस्थाही त्याच्याबरोबर असते.

तिसरा मुद्दा शासनाच्या दाखल्याचा. राज्यघटनेने केंद्र आणि राज्य शासनांच्या लॉटऱ्या केंद्र सूचीतल्या ४०व्या नोंदीत ठेवल्या. बाकीची पैज आणि जुगार राज्य सूचीच्या ३४व्या नोंदीत गेले. बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, शासनाने चालवली म्हणून लॉटरीचं जुगारपण जात नाही. त्याआधीच १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने शासनाच्या लॉटरीलाही बंधनं घातली होती. सोडत शासनानेच काढायची, जमा रक्कम राज्याच्या लोकलेख्यात भरायची, एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नाही, बंपर सोडती वर्षाला सहाच. गावच्या समितीच्या लकी ड्रॉला यातलं कुठलं बंधन असतं? कूपनाच्या मागे बारीक अक्षरांत एकच ओळ छापलेली असते: आयोजकांचा निर्णय अंतिम राहील.

शिवाय राज्याची नसलेली आणि राज्य शासनाने अधिकृतही न केलेली लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत २९४-अ हे कलम त्यासाठीच घातलं गेलं. आज भारतीय न्याय संहितेच्या २९७व्या कलमात तीच तरतूद आहे. अशा लॉटरीचा अड्डा चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, जाहिरात छापणाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड. या कलमात सत्कार्याला वेगळी सूट दिलेली नाही. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात मुंबई राज्याच्या बाजूने निकाल देताना सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत आणि मनूपर्यंतचे दाखले घेतले आणि जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नाही, असं ठरवलं. तो खटला बक्षीस लावलेल्या शब्दकोड्यांचा होता. गाडीच्या सोडतीत तर शब्द शोधण्याएवढीही बुद्धी लागत नाही.

इतिहासाचा दाखला देणारेही भेटतात. लिस्बनच्या मिझेरिकॉर्दिया या सेवासंस्थेला पोर्तुगालच्या राणीने १७८३ मध्ये लॉटरीची परवानगी दिली. कोलकात्यात १८१७ मध्ये लॉटरी कमिटी नेमली गेली आणि लॉटरीच्या पैशातून रस्ते, तलाव, सार्वजनिक बांधकामं झाली. हे खरं आहे. पण कोलकात्याच्या रहिवाशांना तेव्हा कर लावणारं, हिशेब मागणारं स्वतःचं प्रतिनिधिमंडळ नव्हतं. जिथे नागरिक नाहीत तिथे गिऱ्हाईक करून पैसा काढला गेला. खुद्द ब्रिटनने आपल्या देशातली शासकीय लॉटरी १८२६ मध्ये बंद केली आणि कोलकात्याची कमिटीही १८३६ नंतर उरली नाही. ज्या साधनाला त्याचे निर्मातेच कंटाळले, त्याला दोनशे वर्षांनी आपल्या गावसभांच्या मुलखात आणून बसवण्याचं कारण नाही.

आता राहिला स्वेच्छेचा मुद्दा, आणि या दोन जिल्ह्यांत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कूपनं खपतात कशी ते जवळून पाहावं. पुस्तकं शंभर-शंभर कूपनांची असतात. अर्धी चिठ्ठी पुस्तकात राहते, अर्धी फाडून देतात. ही पुस्तकं कार्यालयांत वाटली जातात. वरच्याने खालच्याला दिली, त्याने त्याच्या खालच्याला. “साहेबांनी पाठवलंय, पन्नास तरी खपव.” शिक्षक पालकांना देतो, ठेकेदार मजुरांना देतो, दुकानदार उधारीवाल्याला देतो. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुड्यांचे पैसे हाती पडतात, मोहाच्या हंगामात आठवडी बाजारात चार पैसे खुळखुळतात, नेमकं तेव्हा कूपन पुढे येतं. ज्या बाईने पहाटे जंगलात जाऊन पानं तोडली, दुपारी पुडे बांधले, संध्याकाळी फळीवर ते मोजून दिले, तिच्या शंभर रुपयांची आणि नागपूरच्या डॉक्टरच्या शंभर रुपयांची किंमत सारखी नाही. आणि ज्याच्या हातात तिचा हिशेब आहे त्याच माणसाने कूपन पुढे केलं, तर तिच्या होकाराला स्वेच्छा म्हणवत नाही.

याच मुलखात अजूनही रुग्णाला खाटेवर घालून, खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा ठिकाणी आरोग्याच्या नावाने गरिबांसमोर चकचकीत गाडी उभी करून त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे, आणि त्यातला मोठा हिस्सा त्या गाडीलाच द्यायचा, हे मनाला पटत नाही.

या जिल्ह्यांनी हा वाद पूर्वी एकदा मोठ्या पातळीवर घातला आहे. गडचिरोलीत दारूबंदीची मागणी उठली तेव्हा उत्तर मिळत होतं की, महसूल बुडेल आणि विकासाला पैसा कुठून आणायचा? बायकांनी, गावांनी, कार्यकर्त्यांनी त्यावर विचारलं की, आमच्या घरातून ओरबाडलेल्या पैशातून आमचा विकास करणार का? १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. पुढे चंद्रपूरच्या महिलांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनापर्यंत पायी मोर्चा नेला आणि २०१५ मध्ये तिथेही बंदी आली. ती २०२१ मध्ये उठवली गेली; अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण शासनाने दिलं. बंदीची अंमलबजावणी कशी असावी यावर मतभेद असू शकतात आणि आहेत. पण लोकांच्या दुबळेपणातून काढलेला पैसा लोकांच्या भल्याच्या नावाने पवित्र होत नाही, हा त्या लढ्याचा गाभा अजून टिकून आहे. सोडतीचं समर्थन नेमकं त्या गाभ्याशी विसंगत आहे.

खंडन इथे थांबवतो. नुसतं ‘हे नको’ म्हणून भागत नाही. मग काय, हे सांगितलं पाहिजे. त्यासाठी दूर जायची गरज नाही.

वरोऱ्याला चला. महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली. बाबा आमटे यांनी आनंदवन सुरू केलं तेव्हा त्यांच्यापाशी १४ रुपये आणि सहा कुष्ठरोगी होते, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. बाबांचा आग्रह होता की भिकेने माणूस मोडतो आणि कामाने उभा राहतो. कुष्ठरुग्णांनी विहिरी खोदल्या, शेती केली, भाजी पिकवली. सुरुवातीला ती भाजी घ्यायलाही लोक धजत नव्हते. ज्या समाजाने त्यांना बाहेर काढलं, त्याच समाजाच्या मुलांसाठी १९६४ मध्ये आनंदवनातून महाविद्यालय उभं राहिलं. पुढे ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद निघाला. अपंग, अंध, कुष्ठमुक्त कलावंत रंगमंचावर गातात, नाचतात, वाजवतात आणि प्रेक्षक त्यांची कला पाहायला येतात. या व्यवहारात देणाऱ्याला पुरेपूर मोल मिळतं आणि घेणाऱ्याची मान ताठ राहते. सोडतीत या दोन्ही गोष्टी नसतात.

हीच रीत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रक्तात आहे. दिवाळीनंतर मंडईची जत्रा आणि शंकरपट यांच्या दिवसांत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावचं मंडळ तिथे जाऊन कंपनी ठरवतं, तारीख घेतं, मंडप घालतं, तिकीट लावतं. थंडीत कानटोपी घालून, घोंगडी पांघरून माणसं पहाटेपर्यंत बसतात. नाटक चांगलं निघालं तर उरलेला पैसा पुष्कळदा गावाच्याच एखाद्या कामाला लागतो. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिकीट इथेही आहे, पण तिकीट घेणारा प्रत्येक जण नाटक पाहतो. हरून घरी जाणारा कुणी नसतो. पुरोगामी चळवळींतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचा होता, तेव्हा डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले, तेही याच तत्त्वावर. मोठ्या नटांनी आपला घाम दिला, लोकांनी तिकिटाचे पैसे दिले.

आता धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला चला. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा देणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार गावसभेकडे आला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावाने एक शिस्त लावून घेतली होती. गावसभेमार्फत मिळणाऱ्या मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा. निर्णय सर्वसहमतीने, हिशेब सर्वांसमोर. अडल्यानडल्याला त्याच कोषातून मदत. पुढे २०१३ मध्ये गाव ग्रामदानी झालं. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात वाढलेली ही रीत पाहिली, की ‘गरीब माणूस बक्षिसाशिवाय देत नाही’ हे वाक्य कोलमडतं. तो देतो, दर मजुरीतून देतो, कारण कोष त्याचा आहे आणि तो कुठे खर्च होतो हे त्याला दिसतं.

मराठी माणसाला हे नवंही नाही. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर एकेक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मूठभर धान्य बाजूला काढलं गेलं. त्या मुठीतून वसतिगृहं चालली. पैसा देणाऱ्याला आणि मूठ देणाऱ्याला बदल्यात काही लागणार नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की कारखाना आणि शाळा आपल्या आहेत.

निधीचा खरा प्रश्न सातत्याचा असतो, आणि इथेच सोडत सर्वांत तोकडी पडते. शोधग्रामच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमाने ही पद्धत उचलली. असं काम वर्षानुवर्षं, दर आठवड्याला, दर बाळंतपणाला चालू राहिलं तरच फळतं. आरोग्यदूताचं मानधन दर महिन्याला द्यावं लागतं. सोडत एकदा पैसा देते आणि पुढच्या वर्षी आणखी मोठं बक्षीस मागते. ज्याने शंभर रुपयांची पावती फाडली, तो वर्षाने विचारतो, “बाळं कशी आहेत?” ज्याने कूपन घेतलं तो विचारतो, “या वर्षी कोणती गाडी आहे?” संस्थेला कोणता माणूस हवा आहे, हे तिनेच ठरवावं.

“आदर्श सांगणं सोपं आहे, पण एखाद्या दात्याने गाडीच भेट दिली तर काय करायचं?” असा प्रश्न येईल. उत्तर सरळ आहे. गाडी कामाची असेल तर रुग्णांसाठी वापरा. नसेल तर उघड लिलाव करा. गडचिरोलीतल्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात. बोली कशी लावतात हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. लिलावात ज्याच्याकडे पैसा आहे तोच बोली लावतो, त्याला गाडी मिळते, संस्थेला सगळी रक्कम मिळते आणि हरणारा कुणी रिकाम्या खिशाने घरी जात नाही. देणारी कंपनी असेल तर तिला सांगा की गाडीऐवजी तिची किंमत द्या. कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. चंद्रपूरचा कोळसा आणि गडचिरोलीचं लोहखनिज ज्या जमिनीतून निघतं, तिथल्या बाधित गावांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे. तो पैसा लोकांच्या हक्काचा आहे. तो मिळवण्यासाठी ठराव करावे लागतात, पाठपुरावा करावा लागतो, हिशेब मागावा लागतो. कूपनं विकण्यात जाणारे कार्यकर्त्यांचे दिवस त्या पाठपुराव्याला लावले, तर दवाखान्याचं यंत्र लवकर येईल आणि गावाला आपला हक्क कसा मागायचा हेही कळेल.

म्हणून या दोन जिल्ह्यांतल्या संस्थांना माझी विनंती आहे. कूपनं छापू नका, पावती पुस्तक छापा. महिन्याला पन्नास रुपये देणारी शंभर घरं जोडा. हंगामात रोख नसेल तर पायलीभर धान घ्या, तेही नसेल तर एक दिवसाचं श्रमदान घ्या. नाटक लावा, गाणं लावा, त्याचं तिकीट लावा. नोंदणी नसलेल्या मंडळांनी वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून ४१-क कलमाखालची परवानगी घ्यावी. दर तीन महिन्यांनी जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आणि वाचकांना सांगणं एवढंच की, उद्या कार्यकर्ता तुमच्या दारात सोडतीचं कूपन घेऊन आला, तर ते घेऊ नका आणि त्याला रिकाम्या हातानेही पाठवू नका. कूपनाचे शंभर रुपये त्याच्या हातावर ठेवा आणि त्याची पावती मागा.